कॅप्सूलमधला अमृतकुंभ

सिंहस्थाची बारा-बारा वर्षं वाट बघायची गरज आता उरलेली नाही. अमृत डबीतून घरपोच येतं. कुणी नाव विचारलंच, तर ‘एनएडी’ एवढंच सांगा. ‘निकोटिनामाइड ॲडेनीन डायन्यूक्लिओटाइड’ म्हणायला गेलात, तर चारचौघांत कवळी निसटायची.

ते करतं काय, या खोलात शिरू नका. खाल्लेल्या भाकरीतून इलेक्ट्रॉन उचलून मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या वीजघरापर्यंत पोचवतं, तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीत खर्ची पडतं, वयाबरोबर बऱ्याच अवयवांत कमी होत जातं. म्हातारे उंदीर यावर तरतरीत झाले, हे मात्र तोंडपाठ करा. माणसांवरच्या चाचण्यांत गोळ्यांनी रक्तातलं एनएडी वाढलेलं दिसलं. आयुष्य वाढल्याचं अजून कुणी दाखवलेलं नाही. यातलं पहिलं वाक्य डबीवर असतं. तुम्हीही तेवढंच वाचा.

नाशिककर म्हणून तुमच्यावर एक जादा जबाबदारी आहे. शनिवारी संध्याकाळी गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन दोन ग्लास रेड वाइन घ्यायचीच. द्राक्षाच्या सालीतलं, तारुण्य टिकवतं म्हणून गाजलेलं रेसव्हेराट्रॉल असतं म्हणे त्यात! शिवाय एनएडीचं माहेरही तेच. १९०६ साली आर्थर हार्डन आणि विल्यम यंग यांना त्याचा सुगावा लागला तो साखर आंबवणाऱ्या यीस्टच्या रसात. हार्डनना पुढे १९२९चं नोबेल मिळालं. द्राक्षाची साखर फोडताना यीस्टचं एनएडी हायड्रोजनमध्ये अडकतं. ते मोकळं करण्यासाठीच तर यीस्ट अल्कोहोल बनवून बाहेर टाकतं. थोडक्यात, टाकीतल्या यीस्टने आपला दागिना सोडवला आणि गहाणखत तुमच्या ग्लासात ओतलं. ते फेडायला बसतं तुमचं यकृत: अल्कोहोलच्या एकेका रेणूमागे दोन-दोन एनएडी अडकतात. असं रोज चाललं की यकृतावर चरबी साठते. घाबरू नका, सकाळी एक कॅप्सूल जादा घ्या.

शेंगदाण्यांपासून मात्र लांब राहा. त्यात नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, भरपूर, आणि त्यातून शरीर एनएडी स्वतःच बनवतं. नायसिनच्या अभावी पेलाग्रा होतो, कातडी काळवंडून सोलते, जुलाब लागतात, भ्रम होतो. १९३७ साली कॉनराड एल्व्हेजेम यांनी तसल्याच रोगाने जीभ काळी पडलेली कुत्री निकोटिनिक ॲसिडने, म्हणजे नायसिननेच, बरी केली. इतक्या स्वस्त औषधावर भरवसा कसा ठेवायचा? पांडवलेणीच्या पायऱ्याही चढू नका. नियमित व्यायामाने स्नायूंत एनएडी परत घडवणारं एन्झाइम वाढतं, पण त्याचं जीएसटी बिल मिळत नाही.

गाठीतल्या पेशींनाही एनएडी लागतं, म्हणून ते बनू न देणारी औषधं कॅन्सरवर तपासली गेली, असं एखादा डॉक्टर सांगेल. शुभकार्यात असलं अभद्र ऐकू नये.

गोळीने समाधान होत नसेल, तर थेट सलाईन लावून घ्या. हे पटापट सोडलं तर छातीवर दडपण येतं, मळमळतं. सिस्टर बाटलीचा वेग कमी करायला आल्या तर त्यांना अडवा. खाली गाडी तासाच्या पार्किंगला लावलेली आहे.