स्वीडनची पोरं "आधी" संस्कारी होती म्हणे

फॅमिली ग्रुपवर परत तो स्वीडनवाला फॉरवर्ड आलाय, या महिन्यात तिसऱ्यांदा. ज्यांच्याकडे पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: तिथे पोरगं १८ चं झालं की आईबाप घराबाहेर काढतात, दारू मोकळी, पंधराव्या वर्षी गाड्या उडवतात, परीक्षा नाहीत, सरकार घरबसल्या पैसे देतं, मोठ्यांना नावाने हाका मारतात, आणि पंचवीस वर्षांपूर्वी तिथेही संस्कार होते पण मोबाइलने वाट लावली. खाली हात जोडलेले. मी अकरा वर्षं इथे स्वीडनमधेच राहतेय, पोरगा आठवीत आहे, त्यामुळे गप्प बसवेना.

दारूपासूनच सुरू करते कारण तिथे फॉरवर्ड अक्षरशः उलटा आहे. मोकळी कसली? बारमधे १८ ला देतात ते खरं, पण दुकानातून साडेतीन टक्क्यांच्या वरची बिअर, वाइन काय हवं ते न्यायचं तर २० पूर्ण लागतात, आणि मिळतं जवळपास फक्त सरकारी दारूच्या दुकानात, म्हणजे सिस्टेमबोलागेटमधे, जे शनिवारी दुपारी तीनला शटर पाडतं आणि रविवारी उघडतच नाही. आता त्या जुन्या संस्कारांचं. माझी एक कलीग २००० साली नववीत होती, छोट्या गावातली. शुक्रवारी कोणाच्या तरी मोठ्या भावाकडून हातभट्टी यायची, इथे हेमब्रेंट म्हणतात, ती कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतायची आणि सगळी गँग थंडीत कुडकुडत बसस्टॉपच्या मागे उभी, मग रात्री कोणाचा तरी बाप गाडी घेऊन एकेकाला गोळा करत फिरायचा. आणि हे तिच्या एकटीच्या गावचं नाही. नववीच्या पोरांचा दारूबद्दलचा सर्व्हे इथे १९७१ पासून होतोय, त्यात २००० च्या सुमारास दहातली आठ पोरं वर्षभरात कधी ना कधी प्यायलेली असायची, आता चारच्या आसपास. म्हणजे ज्या पिढीच्या नावाने फॉरवर्डवाला उसासे टाकतोय तीच बसस्टॉपमागे झोकांड्या खात होती. हां, ओठाखाली निकोटिनच्या पांढऱ्या पुड्या धरायचं खूळ मात्र वाढलंय, मुलींमधे तर जास्तच, ते काही मी नाकारत नाही.

गाड्या "उडवतात" वाचून तर मी चहा सांडला. पंधराव्या वर्षी चालवता येते ती एपा-ट्रॅक्टर, म्हणजे जुनी व्होल्वो वगैरे घेऊन मागची सीट काढलेली, मागे लाल त्रिकोण, आणि स्पीड ३० ला बांधलेला. तीस! गावाकडच्या रस्त्यावर हिच्या मागे अडकलात की गाणी ऐकत बसायचं, आपली नाही, त्यांची, कारण स्पीकर गाडीपेक्षा मोठे. हा प्रकारही नवा नाही, आजोबांच्या पिढीपासून आहे. २०२३ पासून तर आत बसणाऱ्या प्रत्येकाला सीट आणि बेल्ट लागतो.

१८ ला हाकलतात? पोरगं शाळेत शिकत असेल तर २१ पर्यंत पोसायची जबाबदारी कायद्यानेच आईबापांवर आहे. लवकर बाहेर पडतात हे खरं, सरासरी एकविशीत, पण ते हौसेने. आणि आजकाल हौस असली तरी घर कुठंय? स्टॉकहोममधे भाड्याच्या घराची जी अधिकृत रांग आहे तिथे सरासरी नऊ वर्षांच्या आसपास थांबावं लागतं, आणि १८ च्या आधी नावच टाकता येत नाही, त्यामुळे पोरं वाढदिवसालाच नाव टाकून मोकळी होतात. केक नंतर.

सरकारी पैसे म्हणजे महिन्याला १२५० क्रोनर, बरे बूट घेतले की संपले. ते अकरावी-बारावीच्या वयाच्या पोरांना मिळतात, तेही १८ होईपर्यंत आईबापांच्या खात्यात, उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद, आणि दांड्या मारल्या तर शाळा वर कळवते आणि पैसे थांबतात. दांडी मारली की पैसे कापणारं सरकार आपल्याकडे आणा बघू!

परीक्षांचं उत्तर एका ओळीत: तिसरी, सहावी, नववीला देशभर एकच पेपर आणि सहावीपासून ग्रेड, पंचवीस वर्षांपूर्वी ग्रेड आठवीपासून सुरू व्हायच्या.

नावाने हाक मारणं, सरांना "तू" म्हणणं हे आहेच, पण ते या पोरांनी नाही काढलं. १९६७ मधे ब्रूर रेक्सेद नावाचे एक सरकारी आरोग्य खात्याचे नवे प्रमुख आले आणि स्टाफला म्हणाले आपण सगळे एकमेकांना "तू" म्हणूया, तेव्हाच्या आसपास अख्ख्या देशाने अहो-जाहो सोडलं. म्हणजे आजच्या पोरांचे आजी-आजोबा. बाकी आईला आईच म्हणतात, "माम्मा". आणि आपली मावशी ती मुस्तेर, आत्या ती फास्तेर, दोघींना वेगळे शब्द, इंग्लिशसारखं सगळ्या आँट्या नाहीत. यावर कोणी फॉरवर्ड करत नाही.

राहिला मोबाइल. काळजी आहे, कोण नाही म्हणतंय, माझ्या पोराच्या शाळेत सकाळी फोन पेटीत जातात ते सुटताना मिळतात, आणि सरकारने २०२३ पासून टॅबलेटऐवजी परत छापील पुस्तकांवर पैसे ओतायला घेतलेत. पण आधी पोरं अंगणात विटीदांडू खेळत होती असं काही नाही. तेव्हा लुनारस्टॉर्म नावाची स्वीडिश साइट होती, लॉगिन राहिलं की पॉइंट वाढायचे. तीच बसस्टॉपवाली कलीग सांगत होती, पॉइंटसाठी रात्री कॉम्प्युटर चालू ठेवून मॉनिटर टॉवेलने झाकायची, आईला उजेड दिसू नये म्हणून. सध्या तिने लेकीच्या फोनला रात्री नऊचं कुलूप लावलंय.