घरचा प्रश्न आणि जिनिव्हाचं पत्र

जिनिव्हाच्या तळ्याकाठी पाले विल्सन नावाची जुनी, लांबलचक इमारत आहे. माझी बस रोज तिच्यावरून जाते. संयुक्त राष्ट्रांचं मानवाधिकार कार्यालय तिथे आहे, आणि वंशभेदाविरुद्धची 18 तज्ज्ञांची समितीही त्याच कार्यालयाच्या आधाराने काम करते. 1993 पासून या समितीकडे एक खास काम आहे: पूर्वइशारा. कुठल्या देशात एखाद्या समाजावर संकट येऊ घातलंय असं दिसलं, तर नेहमीच्या अहवालाची वाट न बघता त्या सरकारला पत्र लिहायचं. प्रकरण गंभीर असेल तर जाहीर निर्णय द्यायचा. फारच हाताबाहेर चाललं असेल तर महासचिवांमार्फत सुरक्षा परिषदेच्या कानावर घालायचं. पोलीस नाहीत, दंड नाही. सगळी मदार शब्दांवर.

मागच्या आठवड्यात आमच्या शाळेच्या ग्रुपवर यावरूनच वाजलं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या काही तज्ज्ञांनी (ही समिती नव्हे, वेगळे तज्ज्ञ) मणिपूरबद्दल चिंता व्यक्त केली होती आणि भारताने ती फेटाळून लावली होती. तो विषय पुन्हा निघाला. बहुतेकांचं म्हणणं एकच: आमच्या घरात यांनी का नाक खुपसायचं? यातल्याच काही जणांनी 2025 च्या उन्हाळ्यात, डब्लिनमध्ये भारतीयांना मारहाण झाली तेव्हा, जगाने आयर्लंडला जाब विचारावा म्हणून मेसेजवर मेसेज पाठवले होते. मी तेव्हा त्यांच्याच बाजूने होते, आजही आहे. म्हणूनच आता गप्प बसवत नाही.

‘घरचा प्रश्न’ हे उत्तर आपण स्वतः एकदा खोडून काढलेलं आहे. 1946 साली दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांना मिळणारी वागणूक आपण संयुक्त राष्ट्रांपुढे नेली. विजयालक्ष्मी पंडित आपली बाजू मांडत होत्या. हा आमचा अंतर्गत मामला आहे, असं दक्षिण आफ्रिका सांगत राहिली. 32 विरुद्ध 15 मतांनी ठराव आपल्या बाजूने झाला. पुढे 1965 च्या वंशभेदविरोधी करारात (ही समिती याच करारानुसार काम करते) भेदभावाच्या व्याख्येत ‘वंशपरंपरा’ हा शब्द आला, तोही भारताच्या सूचनेवरून. त्या शब्दात जात येते, असं समिती म्हणते. येत नाही, असं आपलं सरकार म्हणत आलंय. यावर वाद जरूर घालावा, पण तिथे जाऊन, समोर बसून.

‘फक्त आपल्यालाच बोलतात’ हेही खरं नाही. 12 ऑगस्ट 2017 ला अमेरिकेत शार्लट्सव्हिलला गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या मेळाव्यात एका तरुणीचा जीव गेला. सहा दिवसांत याच समितीने अमेरिकेबाबत निर्णय केला: वरच्या नेत्यांनी अशा द्वेषाचा निःसंदिग्ध निषेध करावा. आदिवासींच्या जमिनींवरून कॅनडालाही सुनावलंय. आणि मी राहते त्या स्वित्झर्लंडचं काय? इथेही ‘परके न्यायाधीश नकोत’ ही हाक जुनी आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यापेक्षा स्विस राज्यघटना वरचढ मानावी, अशा प्रस्तावावर नोव्हेंबर 2018 मध्ये सार्वमत झालं. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. शेवटी 66 टक्के लोकांनी तो प्रस्ताव नाकारला. शेजारची बाई तेव्हा मला म्हणाली होती, आपण चुकलो तर कुणीतरी सांगणारं हवं ना?

पत्रांनी दंगल थांबते का, असं विचाराल तर नेहमी नाही. रवांडात 1993 च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्याच एका तपासनिसाने, बाक्रे वाली न्जाये यांनी, तुत्सी समाजाच्या लोकांची हत्या ते केवळ तुत्सी आहेत म्हणून होतेय, असं लिहून ठेवलं होतं. ते कुणी मनावर घेतलं नाही. पुढच्या एप्रिलपासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. इशारा होता. ऐकणारे कान नव्हते. याचा मला संताप येतो, पण म्हणून इशारेच देऊ नका, हे मला पटत नाही.

समिती कोणत्या खुणा बघते? पुढाऱ्यांच्या तोंडची द्वेषाची भाषा, एका समाजाबद्दल पद्धतशीर अपप्रचार, कायद्याचं संरक्षण नसणं, घरदार सोडून निघालेली माणसं. वाचताना मला ऑगस्ट 2012 मधलं पुणं आठवतं. आसामात कोक्राझारला हिंसा उसळली होती आणि इकडे त्याचा सूड घेऊ म्हणून ईशान्येकडच्या मुलांना धमक्यांचे एसएमएस येत होते. पुण्यात काहींना मारहाणही झाली. आमच्या मजल्यावर दोन मणिपुरी मुली भाड्याने राहायच्या. एका संध्याकाळी धाकटी दारात उभी. ‘दीदी, चाबी रख लो.’ हातात चावी, कुकर आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बांबूच्या कोंबाच्या लोणच्याची बरणी. स्टेशनवर चालल्या होत्या. सरकारने एकगठ्ठा एसएमएसवर मर्यादा घातली, ती त्याच दिवसांत.

त्या मुलींना आधीच कळलं होतं. जिन्यात पोरं ‘चिंकी’ म्हणायची, तेव्हापासून. एकदा घरमालकाने सगळ्यांदेखत त्यांना खाण्याच्या वासावरून झापलं, तेव्हाही. आम्ही सगळे तिथेच होतो आणि कुणीच त्याला धोका म्हटलं नाही. मीही नाही. बाहेरच्या माणसाने लिहिलेलं पत्र मला अपमान वाटत नाही, ते यासाठी.

थोरली दिवाळीनंतर परत आली, परीक्षा होती म्हणून. धाकटी आली नाही. कुकर थोरलीने नेला. बरणी राहूच दे म्हणाली.