झाडांवरचा केशरी थर ‘लाल शैवाल’ नव्हे

पावसाळा सुरू झाला की साताऱ्यात मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. कास, ठोसेघर आणि महाबळेश्वरच्या झाडांच्या खोडांवर व जुन्या भिंतींवर दिसणारा केशरी-लाल थर म्हणजे लाल शैवाल. ते मूळचे समुद्रातले, विषारी, झाडांचा रस शोषणारे आणि तरीही सर्व वनस्पतींचे पूर्वज, असे त्यात म्हटलेले असते. या पाचही विधानांत चूक आहे, आणि पहिली चूक सर्वांत मोठी आहे.

खोडावरचा तो मखमली थर बहुतेक ठिकाणी ट्रेंटेपोलिया या शैवालाचा असतो, आणि ट्रेंटेपोलिया हिरव्या शैवालांच्या गटात मोडते. त्याच्या पेशींत हरितद्रव्याचे अ आणि ब हे दोन्ही प्रकार असतात; फक्त तेलाच्या थेंबांत साठलेल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या जातकुळीमुळे, हिरवा रंग झाकला जातो. केरळात २००१ साली पडलेल्या लाल पावसातही याच शैवालाचे बीजाणू आढळले होते. खऱ्या लाल शैवालांत हरितद्रव्य ब नसते, आणि त्यांचा लाल रंग फायकोएरिथ्रिन या प्रथिनयुक्त रंगद्रव्यामुळे येतो. फायकोएरिथ्रिन पाण्यात विरघळते, कॅरोटिनॉइडे विरघळत नाहीत. म्हणून खोडावरचा थर खरवडून पाण्यात कितीही कुटला, तरी पाण्यात गुलाबी रंग उतरणार नाही. रंगावरून गट ठरवण्याच्या याच सवयीमुळे २०२० साली लोणार सरोवर गुलाबी झाले तेव्हाही अनेकांनी शैवालाला जबाबदार धरले, पण पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत तो रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांचा निघाला.

लाल शैवाले केवळ समुद्रात असतात, हे दुसरे विधान. त्यांच्या सुमारे सात हजार ज्ञात जातींपैकी बहुसंख्य सागरी आहेत, हे खरे. खोल पाण्यात पोहोचणारा निळा-हिरवा प्रकाश फायकोएरिथ्रिन टिपत असल्याने त्यांतील काही फार खोलवर जगतात. बहामा बेटांजवळ २६८ मीटर खोलीवर असे शैवाल सापडलेले आहे. पण स्वच्छ, वाहत्या गोड्या पाण्यातही त्यांच्या काही जाती वाढतात. बॅट्राकोस्पर्मम हे त्यांतले ठळक नाव. ओढ्यातील दगडांना चिकटलेल्या, मण्यांच्या बुळबुळीत माळांसारख्या दिसणाऱ्या या शैवालाचा रंग बहुधा शेवाळी किंवा निळसर असतो. त्याच्या एका जातीला तर महाबळेश्वरचेच नाव दिलेले आहे. ज्यांच्या जिल्ह्यातल्या गावाचे नाव एका लाल शैवालाने जगभरच्या वर्गीकरणात नेले, त्यांनीच भिंतीवरच्या हिरव्या शैवालाला लाल म्हणावे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

विषाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. उपवासाच्या पदार्थांत आणि पुडिंगमध्ये आपण वापरतो ते चायना ग्रास लाल शैवालांपासूनच मिळते. समुद्रातील विषारी ‘लाल भरती’ डायनोफ्लॅजेलेट या वेगळ्या जीवांमुळे येते. ट्रेंटेपोलिया स्वतःचे अन्न स्वतः तयार करते; खोड हा तिच्यासाठी केवळ आधार असतो.

पूर्वज असल्याचा दावा अधिक विचारपूर्वक तपासायला हवा, कारण त्यात सत्याचा अंश आहे. अतिप्राचीन काळी एका पेशीने नीलहरित जिवाणू आत सामावून घेतला आणि त्यातून हरितलवक, म्हणजे पेशीतला प्रकाशापासून अन्न बनवणारा भाग, घडले. त्या वंशातून लाल शैवाले ही एक शाखा आणि हिरवी शैवाले व भूवनस्पती ही दुसरी शाखा फुटली. म्हणजे नाते आहे, पण चुलत भावंडांचे. चित्रकूटच्या सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतून २०१७ साली वर्णन केलेले जीवाश्म लाल शैवालांचे असावेत, असे संशोधकांचे मत आहे. पण प्राचीन असणे म्हणजे पूर्वज असणे नव्हे. शिवाय लाल शैवालांच्या जीवनचक्रात पोहण्यासाठी लागणारी चाबकासारखी शेपटी, म्हणजे कशाभिका, कोणत्याच टप्प्यावर आढळत नाही, नरपेशीसुद्धा पाण्याच्या प्रवाहावर वाहत जाते. याउलट अजिंक्यताऱ्याच्या तटावर पावसात उगवणाऱ्या साध्या मॉसच्या नरपेशी आजही दोन कशाभिकांच्या साहाय्याने पोहत स्त्रीबीजापर्यंत पोहोचतात; मग ज्यांच्याकडे कशाभिकाच नाही, ती लाल शैवाले त्यांची पूर्वज कशी ठरतील?