स्टीलची घडणावळ

"स्टीलचं घड्याळ, आणि ते सोन्याच्या घड्याळापेक्षा महाग?" राजूभाऊंनी पंकजचा मोबाइल हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, पाहिला आणि परत दिला. "डोकं ठिकाणावर शे ना भो?"

राजूभाऊ जळगावच्या सराफ बाजारातले जुने कारागीर. त्यांच्यासमोर असलं काही बोलणं म्हणजे भांडणाला आमंत्रणच. मेहरूण तलावाकडच्या आमच्या कट्ट्यावर उन्हाळ्यात माणसं जमतात ती रात्री नऊनंतर, फरशी बसण्याइतकी थंड झाली की. त्या दिवशी पाच जण होते. केळीचा व्यापारी पंकज, एमआयडीसीत धातू कापायचं व्हीएमसी मशीन चालवणारा हेमंत, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले आबा, राजूभाऊ आणि मी. फुले मार्केटकडे घड्याळ दुरुस्तीची पेटी लावणारे सलीमचाचा नंतर आले, आणि बरं झालं आले.

सावदा-रावेरकडून माल भरणाऱ्या पंकजला यंदा भाव चांगला मिळाला होता. त्याला घ्यायचं होतं दोन-तीन लाखांचं एखादं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांचं घड्याळ, पण दाखवत होता ओडेमार पिगे या स्विस कंपनीचं रॉयल ओक. बघायला काय, पैसे लागत नाहीत.

आबांनी मनगट पुढे केलं. "कसाले रे इतला पैसा? मनं एचएमटी बी टाइमच दाखाडस."

एचएमटीवर कट्ट्यावर कुणी काही बोलत नाही. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळुरूत ही घड्याळं सुरू झाली आणि पुढे दोन पिढ्यांची लग्नं, निकाल, नोकऱ्या त्यांवर झाल्या. आबांचं घड्याळ चावीचं. रोज सकाळी चहाआधी चावी देतात.

"आबा, टाइमचंच म्हणाल तर वाद संपला," हेमंत म्हणाला. "पाचशे रुपयांचं सेलवर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ या सगळ्यांच्या पुढे आहे." मग त्याने हिशोब मांडला. क्वार्ट्झचा खडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. साधं क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला पंधरा-वीस सेकंद चुकतं. चावीच्या किंवा ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणाऱ्या, घड्याळाला स्वित्झर्लंडचं अचूकतेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळायला मात्र दिवसाला उणे 4 ते अधिक 6 सेकंद एवढी सूट असते. दिवसाला! म्हणजे लाखांचं घड्याळ रोज पाच सेकंद पुढे गेलं तरी पास.

"मग झालं तर," राजूभाऊ म्हणाले. "वेळेतही मागे, धातूतही मागे."

पंकज गप्प बसणाऱ्यांतला नाही. त्याने 1969 काढलं. त्या वर्षी नाताळच्या दिवशी सेइकोने जपानमध्ये ॲस्ट्रॉन हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढलं. पुढच्या काही वर्षांत स्वस्त आणि अचूक घड्याळांचा असा लोंढा आला की स्वित्झर्लंडमधले कित्येक कारखाने बंद पडले. वेळ दाखवण्यात आपण हरलो, हे स्विस लोकांना कळून चुकलं होतं. रॉयल ओक आलं ते त्याच काळात, 1972 मध्ये बाझेलच्या घड्याळांच्या जत्रेत. जेराल्ड जेंटा नावाच्या डिझायनरने ते एका रात्रीत काढलं, असं तो स्वतः सांगायचा. पाणबुड्याच्या शिरस्त्राणावरून त्याला काचेभोवतीची आठ कोनांची कड सुचली. किंमत तीन हजार फ्रँकच्या वर, धातू स्टील. त्या काळी एवढ्यात चांगलं सोन्याचं घड्याळ मिळायचं. लोकांनी वेड्यातच काढलं.

"मीही तेच करतोय," राजूभाऊ.

इथे हेमंतने बाजू बदलली, आणि माझ्या मते त्या रात्रीचं सगळ्यात कामाचं बोलणं तेच होतं. तो म्हणाला, "राजूभाऊ, तुम्ही रोज सोनं कापता. कधी स्टीलवर कड काढून बघा. सोनं मऊ, हात फिरवाल तसं वळतं. स्टील टूल खातं. या घड्याळाचे पहिले नमुने त्यांनी पांढऱ्या सोन्यात केले होते, ठाऊक आहे? कारण सोन्यात करणं सोपं होतं. असं स्टील घडवायची त्यांच्या कारागिरांना सवय नव्हती."

राजूभाऊंनी मोबाइल परत मागितला.

हेमंत कडेवर बोट ठेवून दाखवत होता. वरची बाजू रेघारेघांची, मॅट. तिला लागूनच एक बारीक तिरपी पट्टी, आरशासारखी. दोन्हींच्या मधली रेषा सरळ आणि धारदार राहिली पाहिजे. पॉलिश करताना हात जरा जास्त चालला की रेषा गोलावते आणि तुकडा वाया. पट्टा तर वेगळंच प्रकरण. केसला, म्हणजे घड्याळाच्या डबीला, तो जोडल्यासारखा वाटत नाही, तिथूनच निघाल्यासारखा वाटतो. कड्या मनगटाकडून बक्कलकडे जाताना लहान लहान होत जातात, म्हणजे एक कडी दुसरीच्या जागी बसत नाही. आत मशीन तेव्हा अवघं 3.05 मिलिमीटर जाडीचं, तेही ऑटोमॅटिक आणि तारखेसकट.

"आणि हे आठ स्क्रू?" राजूभाऊंनी विचारलं. "सगळ्यांच्या खाचा एका वर्तुळात कशा? स्क्रू आवळला की खाच कुठेही थांबते. मुद्दाम जुळवतात का?"

कारागिराचा प्रश्न. मला तरी तो कधी सुचला नसता.

"ते फिरतच नाहीत," हेमंत म्हणाला. "डोकं सहा कोनांचं आहे, कडेतल्या सहा कोनांच्याच खड्ड्यात बसतं. आवळतात मागून, नटाने. खाच फक्त दाखवायला. आणि गंमत ऐका. घड्याळ स्टीलचं, पण हे बोल्ट पांढऱ्या सोन्याचे."

राजूभाऊ मोठ्याने हसले. "म्हणजे आम्ही सांधायला डाग लावतो त्या जागी यांनी सोनं लावलं!" पण लगेच सावरले. "ठीक. मान्य, ही घडणावळ आहे. पण घडणावळीचा नियम काय? दागिना मोडायला आणलास की घडणावळ शून्य. वजन आणि कस, एवढंच परत मिळतं. याचं वजन करू? भंगारात किती येईल?"

यावर उत्तर पंकजकडे तयार होतं. त्याच जेंटाने पाटेक फिलिप या दुसऱ्या स्विस कंपनीसाठी 1976 मध्ये जहाजाच्या खिडकीच्या आकाराचं नॉटिलस काढलं. त्याच्या जाहिरातीतच म्हटलं होतं की जगातल्या सगळ्यात महाग घड्याळांपैकी एक स्टीलचं आहे. त्याचं 5711 हे मॉडेल कंपनीने 2021 मध्ये बंद केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिकट निळसर डायलचं एक 5711 न्यूयॉर्कच्या लिलावात 65 लाख डॉलरला गेलं. दुकानातली किंमत पन्नास हजार डॉलरच्या आसपास होती.

"घडणावळ परत मिळाली, वर व्याजही," पंकज म्हणाला.

"ही घडणावळ नाही," मी म्हणालो, "ही आवक आहे. केळीची आवक तुटली की तुमचा भाव काय होतो? केळी तीच असतात ना?" पंकज यावर काही बोलला नाही. व्यापाऱ्याला हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मला राजूभाऊंचं अर्धं पटत होतं आणि हेमंतचं पूर्ण, पण किंमत या दोघांपैकी कुणाच्याच मोजपट्टीत बसत नव्हती. 5711 मध्ये जानेवारी ते डिसेंबर एकही चाक बदललं नव्हतं.

तेवढ्यात सलीमचाचा आले. चहा आला. विषय पाण्याकडे गेला, कारण पंकजच्या धाकट्या भावाने मागच्या उन्हाळ्यात मळ्यातल्या विहिरीत घड्याळ घालून उडी मारली होती. डायलवर 30 मीटर लिहिलेलं. वर आला तर काचेच्या आत वाफ.

"सबके साथ होता है," चाचा म्हणाले. "30 मीटर म्हणजे हात धुवा, पावसात फिरा. पोहायचं नाही. तो आकडा स्थिर पाण्याच्या दाबाचा, उडीचा नाही. पोहायचं असेल तर 100 मीटर आणि चावी स्क्रूने आवळणारी पाहिजे. आणि वायसर बदललं पाहिजे! दहा-दहा वर्षं रबरी वायसर बदलत नाहीत आणि मग माझ्याकडे येऊन कंपनीला शिव्या."

चावी स्क्रूने आवळायची युक्ती तशी जुनी. रोलेक्सने 1926 मध्ये ऑयस्टर केस काढली आणि पुढच्या वर्षी मर्सिडीज ग्लाइट्झ ही इंग्लिश खाडी पोहणारी बाई ते घड्याळ गळ्यात घालून पुन्हा पाण्यात उतरली. तासन् तास गार पाण्यात राहून घड्याळ चालू होतं. कंपनीने मोठी जाहिरात केली. खेळाच्या घड्याळाची जाहिरात म्हणून आजही जे चालतं, त्याचं मूळ बरंचसं तिथे आहे.

मग चाचांनी पंकजच्या मोबाइलवरचं दुसरं चित्र पाहिलं, डायव्हर घड्याळाचं, ज्याला बाहेर साठ खुणांची फिरती रिंग असते. "ही का एकाच बाजूला फिरते, सांगा." कुणालाच सांगता आलं नाही. त्यांनी आबांच्या घड्याळाभोवती बोट फिरवून समजावलं. पाणबुडा खाली जाताना रिंगवरचा शून्य मिनिटकाट्यासमोर आणतो. नंतर किती मिनिटं झाली ते रिंगवर वाचतो, कारण टाकीत हवा मोजकीच. आता खडकाला घासून रिंग सरकली तर? ती फक्त डावीकडे सरकते. म्हणजे झाली त्यापेक्षा जास्त मिनिटं दिसतात. माणूस लवकर वर येतो. उलट सरकली असती तर हवा संपेपर्यंत त्याला वेळ आहे असंच वाटलं असतं.

आबा सरसावून बसले. "अरे, हाई त आमनं सिग्नल शे! तार तुटनी ना, हात आपोआप डेंजरवर जास. बिघडनं तरी गाडी थांबाले पाहिजे, पुढे जावाले नको." चाळीस वर्षं गाड्यांच्या शेवटच्या डब्यात काढलेल्या माणसाला ही एक गोष्ट पटली आणि त्यानंतर त्यांनी डायव्हर घड्याळाची बाजू सोडली नाही. मलाही वाटतं, या सगळ्या महागड्या वस्तूंत खरी हुशारी कुठली निवडायची तर मी ही रिंग निवडेन. तिच्यात ना सोनं, ना नाव. आणि ती आता काही हजारांच्या घड्याळातही मिळते.

हेमंतला मात्र टोकाचं काहीतरी हवंच होतं. त्याने रिचर्ड मिल कंपनीचं घड्याळ काढलं. टेनिसपटू राफाएल नदाल हे घड्याळ घालून सामने खेळायचा. 2010 मधलं पहिलं, आरएम 027, पट्ट्यासकट 20 ग्रॅमच्या आत.

"दोन तोळे," राजूभाऊ.

"दोन तोळे. आणि कोट्यवधी रुपये." 2020 मधल्या आरएम 27-04 मध्ये मशीन रॅकेटसारख्या विणलेल्या एकाच स्टीलच्या तारेवर टांगलेलं आहे, तार 0.27 मिलिमीटर जाडीची. 12,000 जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 12,000 पट, झटका सोसतं असा कंपनीचा दावा.

"आणि जी-शॉक?" चाचा म्हणाले. कॅसिओचा इंजिनिअर किकुओ इबे याने दोनशेच्या आसपास नमुने इमारतीच्या वरच्या मजल्यावरून खाली टाकून फोडले. मग त्याला उसळणारा चेंडू दिसला आणि सुचलं, मशीन केसमध्ये घट्ट बसवायचंच नाही, पोकळीत थोड्याच ठिकाणी टेकवून तरंगतं ठेवायचं. 1983 मध्ये ते बाजारात आलं. "टांगायचीच आयडिया ना दोन्हीत? मग?"

हेमंतला हे मान्य नव्हतं. जी-शॉकमध्ये खडा आणि सर्किट, धक्क्याने बिघडेल असं हलणारं फारसं काही नाही. नदालच्या घड्याळात केसासारखी स्प्रिंग आणि तिच्यावर सेकंदात अनेकदा हेलकावणारं चक्र. ते धक्क्यात जिवंत ठेवणं हे वेगळं काम. चाचांनी मान डोलावली, पण म्हणाले, "ज्याला ते लागतं तो जगात एकच माणूस होता, आणि त्याला फुकट मिळायचं."

केसासारख्या त्या स्प्रिंगवरून चाचा मग आपल्या आवडत्या विषयावर आले: गर्मी. ही स्प्रिंग, म्हणजे बालकमानी, साध्या स्टीलची असेल तर उन्हात तिचा ताण कमी होतो आणि घड्याळ मागे पडतं, एका अंशाला दिवसाकाठी दहाएक सेकंद. "आपल्याकडे मे महिन्यात 45 होतो. वीस अंशाला लावलेलं घड्याळ चार मिनिटं मागे जाईल, रोज." तसं होत नाही याचं श्रेय शार्ल गियोमचं. घड्याळवाल्याच्या घरचाच तो पोरगा. निकेल आणि लोखंडाचे असे मिश्रधातू त्याने शोधले की एक तापल्यावर जवळजवळ वाढत नाही आणि दुसऱ्याची लवचीकता बदलत नाही. 1920 चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. आता सिलिकॉनच्याही स्प्रिंगा येतात, त्यांना चुंबकाचाही त्रास नाही.

"मन्हा घड्यायमा बी तेच शे का?" आबांनी विचारलं.

"त्याच घराण्यातलं, आबा."

आबा खूश. त्यांच्या लेखी आता सगळी महाग घड्याळं एचएमटीची नातेवाईक होती.

पंकजने शेवटी मुद्द्याचं विचारलं: घेऊ की नको? चाचांनी सर्व्हिसिंगचं सांगितलं. काही वर्षांनी मशीन खोलून, धुऊन, तेल द्यावं लागतं, आणि असलं घड्याळ ते स्वतः खोलणार नाहीत, मुंबईला पाठवावं लागेल. हेमंत म्हणाला घे, पण डायव्हर घे आणि विहिरीत वापर, तिजोरीत नको. मी म्हणालो, पुढे भाव चढेल या हिशोबाने घेत असशील तर घेऊ नको, तसल्या 5711 च्या बातम्या एखाद्याच्याच असतात.

राजूभाऊ अजून त्या रॉयल ओकच्या कडेचा फोटो मोठा करून बघत होते. "कुणाकडे असेल तर मला एकदा भिंगाखाली दाखव. विकत घ्यायचं नाही मला. ही पट्टी हाताने काढलीय की मशीनवर, एवढंच बघायचंय." मग मोबाइल पंकजकडे सरकवत म्हणाले, "आणि तू घे बाबा, तुझा पैसा. फक्त तुझे वडील किती तोळ्याचं आहे म्हणून विचारतील, तेव्हा मला बोलवू नको."