विगानेल्लाचा ‘स्वतःचा सूर्य’: फॉरवर्डमधलं खरं किती?

मजकूर ओळखीचा आहे: इटलीतल्या विगानेल्ला या डोंगरी गावात शतकानुशतकं सूर्यच उगवत नव्हता, गाव काळोखात होतं. मग गावकऱ्यांनी डोंगरावर अवाढव्य काच बसवून स्वतःचा सूर्य बनवला. आता सगळं गाव उजळतं, ऊबही मिळते, आणि जगात असं दुसरं गाव नाही.

आरसा खरा आहे. बाकीचं एकेक पाहू.

‘सूर्यच उगवत नव्हता’: विगानेल्लात ऊन दिसेनासं होतं ते 11 नोव्हेंबर ते 2 फेब्रुवारी, म्हणजे 83 दिवस. गाव आल्प्समधल्या आन्त्रोना खोऱ्यात, 46 उत्तर अक्षांशावर आहे. तिथे 21 डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 20 अंश वर येतो. वरच्या दोन तारखांना तो 26-27 अंशांवर असतो. दक्षिणेकडच्या डोंगराची कड साधारण तेवढी उंच. सूर्य त्याखाली गेला की गाव सावलीत. सावलीत, काळोखात नव्हे. आकाशाचा उजेड असतोच, आणि वरच्या उतारांवर तर लख्ख ऊन असतं. ते नसतं तर आरशाने परावर्तित तरी काय केलं असतं?

‘काच’: काच नाही, पोलादी पत्रे. रुंदी 8 मीटर, उंची 5, वजन सुमारे 1.1 टन. समुद्रसपाटीपासून साधारण 1100 मीटर उंचीवर बसवलेल्या या आरशाचं 17 डिसेंबर 2006 रोजी उद्घाटन झालं. खर्च लाखभर युरो.

‘सगळं गाव उजळतं’: इथे फॉरवर्ड सपशेल आपटतं. आरसा गावातल्या ज्या चौकावर ऊन टाकतो, तिथून सुमारे 870 मीटरवर आहे. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात त्याची तबकडी अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे सपाट आरशातून निघालेला झोतही तेवढाच फाकतो, 870 मीटरवर सुमारे 8 मीटर. म्हणजे 8 बाय 5 चा आरसा साधारण 16 बाय 13 मीटरचा, कडांना विरत जाणारा पट्टा टाकतो. जमिनीवर तिरपा पडल्याने तो आणखी लांबट होतो. एवढ्यात गावाचा चौक बसतो, गाव नाही. आणि 40 चौरस मीटरचं ऊन त्याच्या पाचपट जागेत वाटलं गेल्यावर ऊब किती उरणार? बाकावर बसणाऱ्याच्या चेहऱ्याला जाणवेल इतकी. ढग असले की तीही नाही.

पत्रा नुसता उभा करूनही भागत नाही. सूर्य तासाला 15 अंश सरकतो, म्हणून संगणकाच्या हुकमाने मोटरी आरशाला सतत, साधारण त्याच्या निम्म्या वेगाने वळवत असतात. आरसा 1 अंशाने चुकला तर झोत 2 अंशांनी चुकतो: चौकाऐवजी 30 मीटर पलीकडे, कुणाच्या तरी कौलांवर. पोलाद निवडलं तरी 40 चौरस मीटरचा पत्रा म्हणजे शीडच. वाऱ्यात तो हलू नये यासाठी सांगाडा भक्कम लागतो.

‘गावकऱ्यांनी बनवला’: गावाने पाठबळ दिलं हे खरं. पण आराखडा वास्तुविशारद जाकोमो बोन्झानी यांचा, अभियांत्रिकी एमिलिओ बार्लोक्को यांची. 1999 मध्ये बोन्झानींच्या डोक्यात चर्चच्या भिंतीवरचं सूर्यघड्याळ होतं. महापौर पिएरफ्रांको मिदाली यांना घड्याळापेक्षा ऊन हवं होतं. (ऊनच नाही तिथे घड्याळ काय दाखवणार, हा सवाल रास्तच.)

‘जगात एकमेव’: 2013 पासून नॉर्वेतल्या र्‍यूकान गावात तीन आरसे हेच काम करताहेत. विगानेल्ला पहिलं म्हणता येईल, एकमेव नाही.

आणखी एक. विगानेल्ला आता स्वतंत्र नगरपालिका नाही. 1 जानेवारी 2016 रोजी ती शेजारच्या सेप्पियानाशी जोडली गेली आणि बोर्गोमेझ्झावाल्ले ही नवी नगरपालिका झाली. सरकारी यादीत गाव शोधायचं असेल तर त्या नावाने शोधा.