ग्राहकाला तोंड उघडू देऊ नका

औद्योगिक प्रदर्शनात स्टॉल घेण्याचा निर्णय आपण घेतला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. तीन बाय तीन मीटर, म्हणजे नऊ चौरस मीटर जागा, तीन बाजूंना पांढऱ्या फळ्या, डोक्यावर कंपनीच्या नावाची पट्टी, एक टेबल, दोन खुर्च्या, एक प्लग आणि एक कचऱ्याची टोपली, एवढ्या ऐवजासाठी भाडे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी भरल्यानंतर पुढचे चार दिवस बोलण्याचा हक्क आपलाच आहे, असे कोणालाही वाटेल. तसे वाटणे योग्यच आहे. भोसरीत 2003 पासून टर्निंगचे, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत कापून गोल भाग बनवण्याचे, छोटे वर्कशॉप चालवताना मी मोशी, चिंचवड आणि गोरेगाव या तिन्ही ठिकाणी स्टॉल लावले आहेत आणि एकही नवे काम न मिळवता परतण्याचा जो अनुभव माझ्या गाठीशी आहे, तो आपल्यासारख्या होतकरू उद्योजकांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

स्टॉलवर कोणाला उभे करायचे, हा प्रश्न किरकोळ आहे. यंत्रावर काम करणारा, ड्रॉइंग वाचू शकणारा माणूस वर्कशॉपमध्येच राहू द्यावा, कारण तो आल्यास उत्पादन थांबते. त्याऐवजी नुकताच रुजू झालेला भाचा किंवा पुतण्या पाठवावा. त्याला कोणत्याही प्रश्नाचे उत्तर येत नाही आणि म्हणून तो प्रत्येक वेळी ब्रोशर देतो. ब्रोशर मात्र जाड कागदाचे हवे. पहिल्या पानावर गणपती, दुसऱ्यावर संस्थापकांचा फोटो, तिसऱ्यावर यंत्रांची यादी आणि शेवटच्या पानावर वर्कशॉपकडे येण्याचा नकाशा असला की ग्राहकाला आणखी काय पाहिजे असणार?

आता मुख्य गोष्टीकडे वळू. पाहुणा स्टॉलसमोर थबकला की त्याने तोंड उघडण्यापूर्वी आपण सुरुवात करावी. माझी सुरुवात ठरलेली आहे: 2003 साली दोन जुन्या लेथवर, भाड्याच्या गाळ्यात, आम्ही हा व्यवसाय कसा उभा केला, पहिले सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारे, यंत्र घेताना घरच्यांनी किती विरोध केला आणि आज आमच्याकडे सर्व प्रकारची कामे कशी होतात. साधारण सहाव्या मिनिटाला पाहुण्याची नजर शेजारच्या स्टॉलकडे वळते. त्या वेळी आवाज थोडा वाढवावा. आपण कोण, काय बनवता, आज इथे कशाच्या शोधात आला आहात, असे प्रश्न त्याला मुळीच विचारू नयेत. विचारल्यास तो उत्तर देण्याचा धोका असतो. समोरचा माणूस अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, आपल्यालाच वेबसाइट विकायला आलेला आहे की एखाद्या मोठ्या कारखान्यासाठी सुटे भाग बनवणारे शोधत फिरणारा सोर्सिंगचा इंजिनिअर आहे, हे जाणून घेतल्याने आपल्या निवेदनात भेदभाव शिरतो. मी तिघांनाही पूर्ण इतिहास सांगतो.

उलट दिशेनेही हेच तत्त्व लागू पडते. बंगळूरूला जानेवारीत भरणाऱ्या इमटेक्स या यंत्रांच्या प्रदर्शनात एक वर्ष धातू कापणाऱ्या यंत्रांचे असते आणि पुढचे वर्ष धातूला आकार देणाऱ्या यंत्रांचे. धातू कापणाऱ्या यंत्रांच्या वर्षी मी तिथे पाहुणा म्हणून गेलो आणि यंत्रे विकायला उभ्या असलेल्या लोकांना दिवसभर माझीच ब्रोशरे वाटली. त्यांनी मला त्यांची दिली. परतीच्या प्रवासात माझी बॅग जातानापेक्षा जड होती, आणि दौरा फलदायी झाल्याची ती एक खूणच म्हटली पाहिजे.

जेवणाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. जर्मनीत हॅनोव्हरला 1947 मध्ये पहिली निर्यात जत्रा भरली, तेव्हा तिथे रेशनच्या कूपनाशिवाय माशाचे पाव मिळत असत, म्हणून लोकांनी तिचे नावच माशाच्या पावांची जत्रा असे ठेवले होते. युद्धानंतरच्या उपासमारीत ते समजण्यासारखे आहे. आपल्याकडे तशी टंचाई नसतानाही दुपारी एक ते अडीच स्टॉलवर डबे उघडून, आलेल्या पाहुण्याकडे पाठ करून जेवण्याची जी प्रथा आम्ही जपली आहे, ती केवळ परंपरेवरील निष्ठेपोटी होय.

प्रदर्शन वर्षातून एखाद-दोनदा असते. नेटवर्किंगच्या, म्हणजे धंद्यातल्या ओळखी वाढवण्याच्या, बैठका मात्र दर आठवड्याला, तेही सकाळी सातला, पोहे आणि चहासह मिळू शकतात. 1985 मध्ये अमेरिकेत आयव्हन मिस्नर यांनी सुरू केलेल्या बीएनआय या संस्थेच्या गटांत एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो आणि सदस्यांनी एकमेकांसाठी ग्राहक सुचवावेत, अशी रचना असते. या धर्तीच्या कोणत्याही बैठकीत उभे राहून थोडक्यात आपली ओळख करून द्यायची असते. इथे फार काळजी घ्यावी. ‘8 ते 40 मिलिमीटर व्यासाचे पितळी भाग, महिन्याला 5,000 नगांपर्यंत, पंप बनवणाऱ्या कारखान्यातले कोणी आपल्या ओळखीचे असेल तर भेट घालून द्या,’ असे एखाद्याने सांगितले, तर समोरच्या चाळीस जणांतल्या एखाद्याला नेमका आपला मेहुणा आठवण्याची भीती असते. ‘सर्व प्रकारची इंजिनिअरिंगची कामे केली जातील’ असे म्हटल्यावर कोणालाच कोणी आठवत नाही आणि सर्व जण टाळ्या वाजवून पुढच्या सदस्याकडे वळतात. नंतर चहाच्या वेळी एकमेकांचे मूळ गाव विचारून घ्यावे, दोन समान नातेवाईक शोधावेत आणि उरलेला वेळ मराठी माणूस धंद्यात मागे का पडतो या विषयाला द्यावा. या चर्चेत मी एका गृहस्थांशी सलग तीन आठवडे सहमत होतो. ते पंपाचे सुटे भाग बाहेरून करून घेतात, हे मला चौथ्या आठवड्यात दुसऱ्याच कोणाकडून कळले.

मिळालेली व्हिजिटिंग कार्डे जपून ठेवावीत. काही लोक पाहुणा जाताच कार्डाच्या मागे त्याची अडचण, मागितलेला नमुना आणि कधी फोन करायचा ते लिहून ठेवतात आणि एवढे छान कार्ड खराब करतात. आपण सगळी कार्डे एका रबरबँडमध्ये बांधून खणात टाकावीत आणि पंधरा दिवसांनी त्यांवरील सर्व नंबर, कोणालाही न विचारता, एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालावेत. रोज सकाळी तिथे सूर्योदयाचे चित्र आणि सणासुदीला शुभेच्छा पाठवल्या की पाठपुरावा पूर्ण होतो.

ही तत्त्वे न पाळणाऱ्याचे काय होते, हेही सांगितले पाहिजे. मागच्या प्रदर्शनात आमच्या शेजारी चाकणचा एक तरुण होता. माझ्याकडे आहेत तशीच दोन यंत्रे त्याच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्या स्टॉलवर आले, खिशातून वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला एक पितळी बुश, म्हणजे नळीसारखा पोकळ सुटा भाग, काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि ‘जरा हे बघा’ एवढे म्हणाले. मी तोपर्यंत 2009 सालापर्यंत पोहोचलो होतो. पंख्याच्या वाऱ्याने ब्रोशरे उडत होती, म्हणून बोलता बोलता मी तो बुश उचलून ब्रोशरांवर ठेवला. वजन म्हणून तो फार चांगला बसला.

गृहस्थ काही वेळाने शेजारी गेले आणि खिशातून तसाच दुसरा बुश काढला. त्या तरुणाने स्वतःविषयी अक्षरही काढले नाही. भिंग घेऊन तो आतले आडवे भोक पाहत राहिला आणि मग एकेक विचारू लागला: बर (भोक पाडताना कडेला उरणारा धातूचा धारदार कण) नेमका कुठल्या कडेला राहतो? त्याने ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) कापली जाते का? गळती तुमच्याकडे चाचणीत सापडते की माल ग्राहकाकडे गेल्यावर? सध्या हा बर हाताने काढतात की ब्रशने? महिन्याला किती नग? एकाच माणसावर त्याने पस्तीस मिनिटे घालवली, त्या वेळात मी 19 ब्रोशरे दिली. शेवटी त्याने पेमेंट किती दिवसांत होते, हेही निःसंकोच विचारले. गृहस्थ 90 दिवस म्हणाले, तेव्हा लघुउद्योगांचे पैसे 45 दिवसांच्या आत देण्याचे बंधन 2006 च्या कायद्यात आहे, याची त्याने हसत हसत आठवण करून दिली. पहिल्याच भेटीत पैशांविषयी बोलणे हे आमच्या संस्कारांत बसत नाही. ते गृहस्थही हसले आणि त्यांनी ड्रॉइंग पाठवण्यासाठी त्याचा ई-मेल लिहून घेतला.

चार वाजता ते आमच्याकडे परत आले, ‘माझा नमुना राहिला होता,’ असे म्हणून त्यांनी बुश उचलला आणि ब्रोशरे भरकन उडून शेजारच्या स्टॉलमध्ये गेली. त्या तरुणाने ती वाकून गोळा केली, नीट रचून मला परत दिली आणि एक स्वतःकडे ठेवून म्हणाला, ‘काका, हे काम मिळालं तर माझी यंत्रं पुरणार नाहीत, थोडं बाहेर द्यावं लागेल. तुमच्याकडे आडव्या भोकाचं काम कसं करता?’

मी त्याला खुर्ची दिली आणि 2003 पासून सांगायला सुरुवात केली.