खासगी नोकरीची जाहिरात भरतीच्या जाहिरातीसारखी वाचू नका

मुंबईतल्या मराठी मुलामुलींना नोकरीची जाहिरात कशी वाचायची हे कोणी शिकवत नाही, आणि त्यापायी हातातल्या संधी जातात. निकालांचा मोसम आला की आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेत तेच ते प्रश्न येतात, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. पोस्ट मोठी आहे, पण घरात कोणी नोकरी शोधत असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आमची अभ्यासिका भांडुपला. तिथली बरीचशी मुलं एमपीएससी, पोलीस भरती, बँकेच्या परीक्षा यांच्या मागे असतात आणि खर्च भागवायला सोबत खासगी नोकरीही शोधत असतात. सगळा घोळ इथेच होतो. सरकारी भरतीच्या जाहिरातीत प्रत्येक शब्द अट असतो. ती वाचून वाचून डोळ्याला एक सवय लागते, आणि त्याच डोळ्याने मुलं अंधेरीच्या एखाद्या कंपनीची जाहिरात वाचतात. एक ओळ जुळली नाही की अर्जच करत नाहीत. याच्या उलटही घडतं. खासगीत 'चालतंय की' म्हणून निभावलेला मुलगा भरतीच्या अर्जातही तसंच करतो आणि कागदपत्र पडताळणीला बाहेर पडतो.

मी अकाउंट्समध्ये काम करते. आमच्या विभागात माणूस घ्यायचा असला की जाहिरातीचा कच्चा मजकूर बहुतेक वेळा माझ्याकडूनच जातो, त्यामुळे तो कसा तयार होतो ते मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. कोणीतरी राजीनामा देतं. साहेब म्हणतात, अगदी तसंच कोणीतरी बघा. एचआर जुनी जाहिरात शोधून काढतं, नाहीतर दुसऱ्या कंपनीची उचलतं. मग गेलेला माणूस काय काय करायचा ते आठवून आठवून त्यात भरलं जातं. टॅली, जीएसटी, टीडीएस, बँकेची कामं, थोडं पर्चेस, थोडं डिस्पॅच. वरून कोणीतरी 'उत्तम इंग्रजी' घालतं. हा माणूस चार वर्षांनी जसा झाला होता त्याचं वर्णन जाहिरातीत येतं. तो पहिल्या दिवशी आला तेव्हा यातलं अर्धंही त्याला येत नव्हतं, हे कोणीच लिहीत नाही. म्हणून जाहिरात गोंधळलेली वाटली तर तो गोंधळ आधी कंपनीचा असतो. वाचणाऱ्याने तो स्वतःची उणीव समजू नये, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे.

गेल्या महिन्यात बीकॉम झालेली एक मुलगी मोबाईलवर एक जाहिरात घेऊन आली. मजकूर असा: 'अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह. बीकॉम. फ्रेशर चालेल. अनुभव १ ते ३ वर्षे. अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल. गुड कम्युनिकेशन. प्रेशरमध्ये काम करण्याची तयारी. वेस्टर्न लाइनला प्राधान्य. इमिजिएट जॉइनर. पगार बेस्ट इन इंडस्ट्री.' सीएच्या ऑफिसात आठ महिने काम केलेली ही मुलगी. म्हणाली, ताई, वर्ष पूर्ण नाही, लाइनही सेंट्रल, सोडूनच देते. आम्ही ती जाहिरात एकेक ओळ घेऊन वाचली.

'फ्रेशर चालेल' आणि 'अनुभव १ ते ३ वर्षे' हे शेजारी शेजारी दिसलं की मुलं बुचकळ्यात पडतात. याचा सरळ अर्थ घ्या. पगार नवख्याचा देणार आहेत, पण हाताला धरून शिकवावं लागणार नाही असा माणूस हवाय. ज्याने व्हाउचर हाताळलंय, बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आपल्या हिशोबाशी जुळवणं) केलंय, त्याचे आठ महिने इथे पुरतात. भरतीत एक दिवस कमी पडला तरी अर्ज बाद होतो. खासगीत महिने मोजायला कोणी बसत नाही.

'अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल' वाचून मुलं पाच-सात हजारांचा क्लास लावायला निघतात. अकाउंट्सच्या बहुतेक जागांसाठी याचा अर्थ व्हीलुकअप, पिव्होट टेबल, सम-इफ आणि नीट लावलेला फिल्टर. मॅक्रो लिहिण्याची वेळ क्वचित येते. हे सगळं एकाच कामात शिकून होतं: खरेदीचं रजिस्टर जीएसटीआर-२बी शी, म्हणजे सप्लायरनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांच्या यादीशी, जुळवायचं, कुठल्या सप्लायरने बिल दाखवलं नाही ते शोधायचं. त्या मुलीला हे काम येत होतं. त्यालाच जाहिरातीत अ‍ॅडव्हान्स्ड एक्सेल म्हणतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

'प्रेशर'चंही तसंच. अकाउंट्समधला प्रेशर कॅलेंडरवर दिसतो. ७ तारखेला टीडीएस भरायचा, दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांना ११ ला विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, १४ ला २बी तयार होतं आणि २० ला कर भरायचं रिटर्न ३बी. या तारखांच्या आधीचे दोन-तीन दिवस उशिरापर्यंत थांबावं लागतं, मार्चअखेरीला त्याहून जास्त. मुलाखतीत 'प्रेशरमध्ये काम करू शकते' असं नुसतं म्हणण्यापेक्षा या तारखांबद्दल बोललात तर समोरच्याला लगेच कळतं की हिने काम केलेलं आहे. इतर कामांतही हे करून बघा. जाहिरातीतल्या गोल शब्दामागे त्या धंद्यातली नेमकी कुठली वेळ आहे ते शोधा. कुरिअरमध्ये दिवाळी, शाळेत प्रवेशाचे दिवस, मॉलमध्ये शनिवार-रविवार.

आता 'गुड कम्युनिकेशन'. मराठी माध्यमाच्या मुलांचं सगळ्यात जास्त नुकसान या शब्दांनी केलंय असं माझं ठाम मत आहे. ते वाचलं की मुलं मनातल्या मनात 'फाडफाड इंग्रजी' असं समजून घेतात आणि मागे सरतात. तुम्ही विचारा: कोणाशी बोलायचंय, कुठल्या भाषेत, फोनवर की मेलवर? भिवंडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याशी आणि मस्जिद बंदरच्या व्यापाऱ्याशी बोलायचं असेल तर हिंदी आणि चिकाटी लागते. परदेशी ग्राहकाला मेल लिहायचे असतील तर लेखी इंग्रजी लागतं, आणि ते सरावाने येतं. आणखी एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. २०२४ मध्ये गिरगावातल्या एका ग्राफिक डिझायनरच्या जागेसाठी मराठी माणसं नकोत असं उघड लिहिलं गेलं होतं. ओरड झाली आणि माफी मागावी लागली. उघड लिहिलेल्याविरुद्ध आवाज उठवता येतो. गोल शब्दांआड कोणाला गाळायचंय ते कधीच दिसत नाही. म्हणूनच स्पष्ट विचारायचं, आणि शक्यतो लेखी.

लाइनचं म्हणाल तर 'वेस्टर्न लाइनला प्राधान्य' यामागे कंपनीची भीती एवढीच असते की लांबून येणारी व्यक्ती रोज उशिरा येईल आणि तीन महिन्यांत सोडून जाईल. ऑफिस मरोळला होतं. मी तिला अर्जातच एक ओळ लिहायला लावली: भांडुप ते घाटकोपर लोकल, पुढे मेट्रोने मरोळ नाका. वर्सोवा-घाटकोपर मेट्रो २०१४ पासून धावते आहे, तरी जाहिरात लिहिणाऱ्यांच्या डोक्यातला मुंबईचा नकाशा जुनाच आहे. आणि 'लोकेशन: मुंबई' एवढंच लिहिलेलं असेल तर सगळ्यात जवळचं स्टेशन कोणतं ते आधी विचारा. तळोजा, महापे, भिवंडीचं गोडाऊन, सगळं या एका शब्दात बसवलं जातं. बदलापूरहून किंवा विरारहून निघणाऱ्या माणसाला हा फरक दिवसाचे दोन तास आणि पगाराचा चांगला लचका एवढा असतो.

पगाराची ओळ मी सगळ्यात शेवटी घेतली, कारण तिथे जाहिरातीत आकडाच नव्हता. कंपनीने फोनवर सांगितलं, 'तीन लाख सीटीसी.' सीटीसी म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च. तिने लगेच बाराने भागलं आणि पंचवीस हजार धरले. तसं होत नाही. समजा बेसिक, म्हणजे मूळ पगार, १२,५०० आहे. कंपनीचा पीएफचा हिस्सा १२ टक्के, म्हणजे १,५००, तो सीटीसीतच मोजलेला असतो. बऱ्याच कंपन्या ग्रॅच्युइटीचे साधारण ६०० रुपयेही त्यातच धरतात. राहिले २२,९००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ आणखी १,५०० जातो. पुरुषांचा व्यवसाय कर २००, बायकांना महाराष्ट्रात २५,००० पर्यंतच्या पगारावर तो नाही. म्हणजे हातात २१,२०० ते २१,४००. सीटीसीत 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरीवर ठरणारी रक्कम, असेल तर त्याहूनही कमी, आणि ते व्हेरिएबल कधी मिळेल ते देवालाच ठाऊक. पीएफ हा तुमचाच पैसा आहे, तो वाईट नाही. पण भाडं, पास आणि घरी द्यायचे पैसे २१ हजारांतून भागवायचे आहेत हे आधी कळायला नको का?

शेवटी तिने व्हॉट्सअ‍ॅपवर हा मेसेज पाठवला: 'नमस्कार सर, अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह पदासाठी अर्ज करत आहे. टॅली, बँक रिकन्सिलिएशन आणि २बी जुळवणीचं आठ महिन्यांचं काम केलं आहे. रोजचं मुख्य काम, कामाची वेळ आणि हातात येणारा पगार कळवलात तर बरं होईल.' संध्याकाळपर्यंत तिन्ही उत्तरं आली आणि मुलाखतीला बोलावलं. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. पण अनुभव किती महिन्यांचा हे तिला कोणीच विचारलं नाही. २बी मध्ये बिल दिसत नसेल तर काय करतेस, हे विचारलं.

आता सरकारी जाहिरात. इथे वरचं सगळं विसरा. 'अर्हता अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास धारण केलेली असावी' असं लिहिलं असेल तर त्या तारखेपर्यंत निकाल लागलेला हवा, पेपर दिलेत हे पुरत नाही. टंकलेखनाला मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट म्हटलं असेल तर तेच प्रमाणपत्र लागतं, घरचा सराव नाही. वयाची ३८ किंवा ४३ ची मर्यादा कोणत्या तारखेला मोजणार, नॉन-क्रीमीलेअर कोणत्या कालावधीचं चालेल, हे जाहिरातीत कुठेतरी आत लिहिलेलं असतं. ते पेनाने अधोरेखित करा. शुद्धिपत्रक येतं, म्हणून वेबसाइट शेवटच्या दिवसापर्यंत बघत राहा.

'जास्त शिकलोय, मग चालेलच' हे तर डोक्यातून काढूनच टाका. पंजाब नॅशनल बँकेच्या शिपायाच्या एका जागेसाठी उमेदवार पदवीधर नसावा अशी अट होती. ओडिशातल्या एका उमेदवाराने पदवी लपवून अर्ज केला. उच्च न्यायालयात तो जिंकला, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. 'समतुल्य' काय ते नेमणूक करणारा ठरवतो, उमेदवार नाही. शंका असेल तर अर्जाआधी हेल्पलाइनला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

मात्र सरकारी अट म्हणजे दगडावरची रेघ, असंही समजू नका. २०२४ मध्ये मुंबई महापालिकेने कार्यकारी सहायक, म्हणजे पूर्वीच्या लिपिक पदाच्या १,८४६ जागा काढल्या. दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असावी अशी अट त्यात होती. एकदा नापास होऊन, नोकरी करत करत पुन्हा परीक्षा दिलेल्या किती मुलांवर तो अन्याय होता! विरोध झाला, अट काढली गेली आणि नव्याने अर्ज मागवले गेले. अट चुकीची वाटली तर अर्जाची मुदत संपायच्या आत बोलावं लागतं. नंतर बोलून उपयोग होत नाही.

खासगीत काही जागी मात्र तडजोड नको. रजिस्ट्रेशनचे, ट्रेनिंगचे, युनिफॉर्मचे पैसे आधी मागितले की फोन ठेवायचा. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या 'पार्ट टाइम कमवा'च्या कागदांवर कंपनीचं नाव नसतं, फक्त नंबर असतो. त्यावर फोन करू नका. मूळ मार्कशीट कोणाच्याही ताब्यात देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असेल तर घरी आणून वाचा. नेमणूकपत्र मागा. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार ते देणं मालकाची जबाबदारी आहे.

आणि आपल्यातले जे जाहिराती देतात, दुकानदार, छोटे कारखानदार, क्लासवाले, एचआरमधले मित्रमैत्रिणी, त्यांना हात जोडून सांगणं आहे. रोज करायचं काम काय, वेळ किती ते किती, जवळचं स्टेशन कोणतं, हातात किती मिळणार, एवढं लिहा. 'असलंच पाहिजे' आणि 'असेल तर बरं' या दोन ओळी वेगळ्या करा. गेल्या वेळी मी आमच्या जाहिरातीत पगाराचा आकडा लिहिण्याचा आग्रह धरला तेव्हा ऑफिसात बरीच नाराजी होती. अर्ज कमी आले, पण जे आले ते कामाचे आले, आणि ऑफर दिल्यावर पगार ऐकून मागे फिरलेलं कोणी नव्हतं. तो आकडा आता दर जाहिरातीत छापला जातो.